बंद होता होता वाचलेली नभोवाणी

हिंदुस्थान सरकारने १० ऑक्टोबर १९३१ रोजी निर्णय घेतला की मुंबई आणि कलकत्ता इथली दोन्ही नभोवाणी केंद्रं बंद करायची. जागतिक मंदीमुळे सरकारी तिजोरीला ओहोटी लागली होती, प्रत्येक खात्यात कात्री चालत होती, आणि दीड-दीड किलोवॉटच्या दोन प्रक्षेपकांचा तोटा सोसायची कुणाची तयारी नव्हती. त्या वर्षीच्या शिरगणतीत देशाची लोकसंख्या पस्तीस कोटींच्या आसपास भरली होती. रेडिओचे परवाने होते आठ हजारांच्या घरात. कागदावरचे आकडे पाहणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याने हाच शेरा मारला असता.

पण निर्णय जेमतेम सहा आठवडे टिकला. सेट विकत घेऊन बसलेले श्रोते चिडले. माल भरून ठेवलेले व्यापारी हवालदिल झाले. सर्वांत मोठा गलका बंगालमधून उठला. २३ नोव्हेंबरला सरकारने केंद्रं तूर्त चालू ठेवायचं ठरवलं आणि ५ मे १९३२ रोजी ती सरकारनेच चालवायची यावर शिक्कामोर्तब झालं. ‘ऑल इंडिया रेडिओ’ची गोष्ट सहसा १९३६ सालापासून, म्हणजे ते नाव मिळाल्यापासून सांगतात. वास्तविक त्या नावाच्या पाच वर्षं आधी या संस्थेचा जीव वाचला तो मूठभर श्रोत्यांच्या हट्टामुळे. ही गोष्ट मागे पडली आहे, आणि ती पडायला नको होती.

त्याआधीची दहा वर्षं हौशी मंडळींची. १९२१च्या ऑगस्टमध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’ने डाक-तार खात्याच्या मदतीने मुंबईच्या आपल्या कचेरीतून गाण्याबजावण्याचा खास कार्यक्रम हवेत सोडला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी तशी इच्छा व्यक्त केली होती आणि त्यांनी तो ऐकला पुण्यात, घाटापलीकडे सुमारे १७५ किलोमीटरवर. जून १९२३मध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबने प्रक्षेपण सुरू केलं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कलकत्त्याच्या क्लबने. मद्रासला सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी यांच्या पुढाकाराने क्लब उभा राहिला आणि ३१ जुलै १९२४पासून त्याचा आवाज घुमू लागला.

मद्रासच्या क्लबची हकिकत थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. तीन वर्षांत पैसे संपले आणि १९२७मध्ये क्लबला गाशा गुंडाळावा लागला. पण सभासदांनी प्रक्षेपक मोडीत न काढता मद्रास महापालिकेच्या हवाली केला. महापालिकेने १ एप्रिल १९३०पासून त्यावरून नियमित कार्यक्रम सुरू केले आणि समुद्रकिनाऱ्यावर व बागांमध्ये कर्णे लावले. संध्याकाळी फिरायला आलेल्या माणसाला परवाना, सेट, बॅटरी असं काहीही न घेता कर्नाटक संगीत ऐकायला मिळू लागलं. रेडिओ ही नळाच्या पाण्यासारखी नगरपालिकेने पुरवायची सोय आहे, हा विचार त्या काळी देशात दुसरीकडे कुठेही या पद्धतीने अमलात आलेला दिसत नाही.

धंदा म्हणून रेडिओ उभा करायचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईत झाला. ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’ स्थापन झाली, सर इब्राहिम रहिमतुल्ला तिचे अध्यक्ष होते आणि लंडनच्या बीबीसीतून एरिक डन्स्टन यांना व्यवस्थापक म्हणून आणलं गेलं. शनिवार, २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबई केंद्राचं उद्घाटन झालं. २६ ऑगस्टला कलकत्ता केंद्र सुरू झालं. अधिकृत भांडवल पंधरा लाखांचं होतं, प्रत्यक्षात जमले सहा लाख, आणि त्यातले साडेचार लाख दोन केंद्रं उभारण्यातच गेले.

त्या काळचं ऐकणं म्हणजे एक खटपट होती. सर्वांत स्वस्त तो क्रिस्टल सेट. लाकडी फळीवर तारेचं वेटोळं, त्याच्या शेजारी गॅलिना नावाच्या शिशाच्या खनिजाचा एक चकाकता खडा, आणि त्याला टेकवलेली केसासारखी बारीक तार. ती तार खड्यावर इथे टोचायची, तिथे टोचायची. नेमका ठिपका सापडला की हेडफोनमधून गाणं ऐकू यायचं. कुणी जिना जोरात चढला तरी तार हलायची आणि पुन्हा शोधाशोध. याला वीज लागत नसे की बॅटरी लागत नसे, मात्र गच्चीवर लांबलचक एरियल ताणावी लागे आणि हेडफोन एका वेळी एकाच्याच कानाला लागे. शिवाय दीड किलोवॉटचा आवाज अशा सेटवर तीसेक मैलांपर्यंतच पोचायचा, म्हणजे मुंबईहून फार तर कल्याण-पनवेलपर्यंत. त्यापलीकडे व्हॉल्व्हचा सेट हवा. तो काहीशे रुपयांना पडे, आणि त्याच्या बॅटऱ्यांचा खर्च वेगळा.

परवाना वर्षाला दहा रुपयांचा. तो पोस्टात काढायचा. त्यातले आठ रुपये कंपनीला मिळायचे, दोन सरकार ठेवून घ्यायचं. १९२७च्या अखेरीस परवाने होते ३,५९४, पुढच्या वर्षी ६,१५२, १९२९अखेर ७,७७५. सुरुवातीला कंपनीचा खर्च महिन्याला सुमारे ३३ हजार रुपये होता. हिशेब सोपा आहे: १९२९च्या सगळ्या परवान्यांचे आठ-आठ रुपये एकत्र केले तरी बासष्ट हजार होतात, म्हणजे त्या खर्चाचे दोन महिनेही भागत नाहीत. बाहेरून येणाऱ्या रेडिओ सामानाच्या किमतीवर कंपनीला दहा टक्के मिळायचे होते, पण विक्रेते ते चुकवत. परवाना न काढता चोरून ऐकणारेही पुष्कळ होते. खर्च कापून कापून शेवटी कार्यक्रमच रोडावले. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली.

महिन्याभरात, १ एप्रिलपासून, सरकारने ती केंद्रं ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ या नावाने दोन वर्षांच्या बोलीवर ताब्यात घेतली. ती दोन वर्षं पुरी व्हायच्या आतच १९३१चा तो बंदीचा निर्णय आला.

बंगालनेच एवढी ओरड का केली, याचं उत्तर कलकत्त्याच्या १, गार्स्टिन प्लेस या पत्त्यावर सापडतं. तिथल्या नभोवाणी केंद्रात नृपेंद्रनाथ मजुमदार भारतीय कार्यक्रमांचं काम पाहत. १९२९मध्ये त्यांनी ‘बेतार जगत’ हे बंगाली पाक्षिक सुरू करून श्रोत्यांशी थेट नातं जोडलं. पंकज मल्लिक रेडिओवरून गाणं शिकवायचे: एकेक ओळ सावकाश म्हणून दाखवायची आणि घरोघरी लोकांनी ती गिरवायची. बीरेंद्रकृष्ण भद्र यांच्या आवाजातला महालयेच्या पहाटेचा चंडीपाठाचा कार्यक्रम, ‘महिषासुरमर्दिनी’, त्याच सुमारास आकाराला येत होता. तो आजही दरवर्षी लागतो. कलकत्त्याच्या केंद्राला एकाच भाषेचा भरभक्कम श्रोता होता. मुंबईचं तसं नव्हतं. मराठी, गुजराती, हिंदुस्थानी, कानडी आणि इंग्रजी यांच्यात मुंबई केंद्राचे मोजके तास वाटले जायचे, त्यामुळे ‘हे आमचं केंद्र’ असं म्हणणारा समाज मुंबईत तयार व्हायला वेळ लागला.

केंद्रं वाचली, पण श्रोत्यांना त्याची किंमत मोजावी लागली. आयात रेडिओ सेटवरची जकात ५० टक्क्यांवर नेण्यात आली. विक्री मेल्यात जमा होणार अशी सर्वांची अटकळ होती. घडलं उलटंच, आणि त्याला कारण लंडन. १९ डिसेंबर १९३२ रोजी बीबीसीने लघुलहरींवर ‘एम्पायर सर्व्हिस’ सुरू केली. हिंदुस्थानातल्या इंग्रजांना मायदेशीचा आवाज ऐकायचा होता आणि पैसे मोजायची त्यांची ऐपत होती. १९३३अखेर परवाने १०,८७२ झाले, १९३४अखेर १६,१७९. शिवाय १९३३च्या वायरलेस कायद्याने विनापरवाना सेट बाळगणं गुन्हा ठरलं, त्यामुळे चोरून ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण पोस्टात जाऊन रांगेला लागले. दोन वर्षांपूर्वी ज्याला टाळं लावायचं होतं त्या खात्यात पैसा येऊ लागला. मग सरकारलाही उमेद आली. नभोवाणीच्या वाढीसाठी वीस लाखांचा निधी बाजूला काढण्यात आला.

३० ऑगस्ट १९३५ रोजी बीबीसीतून आलेल्या लायनेल फील्डन यांनी पहिले नियंत्रक म्हणून सूत्रं हाती घेतली. माणूस तापट, अधीर आणि सरकारी लाल फितीवर मनापासून चिडणारा. १ जानेवारी १९३६ला दिल्ली केंद्र सुरू झालं ते १८, अलिपूर रोडवरच्या एका बंगल्यातून. प्रक्षेपक मात्र वीस किलोवॉटचा, मुंबई-कलकत्त्याच्या तेरापट ताकदीचा.

संस्थेचं नाव फील्डनना अजिबात पसंत नव्हतं. आत्मचरित्रात त्यांनी सांगितलेली हकिकत अशी, की सचिवालयात कुणी दाद देईना, तेव्हा त्यांनी मेजवानीच्या वेळी नवे व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना बाजूला गाठलं. लांबलचक नावाची अडचण सांगत सांगत, आपल्याला काही सुचत नाही असं दाखवत, त्यांनी व्हाइसरॉयच्याच तोंडून ‘ऑल इंडिया’ आणि मग ‘रेडिओ’ हे शब्द काढून घेतले आणि त्यांच्या कल्पकतेची वाहवा केली. व्हाइसरॉयने सुचवलेल्या नावाला कोण हरकत घेणार? ८ जून १९३६पासून नवं नाव लागू झालं. पुढे संस्थेला लागलेलं ‘आकाशवाणी’ हे नाव त्याआधीच म्हैसूरमध्ये वापरात आलं होतं. तिथे महाराजा कॉलेजातले मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १० सप्टेंबर १९३५ रोजी स्वतःच्या राहत्या घरातून तीस वॉटचा प्रक्षेपक चालू केला होता.

पुढचा पेच तांत्रिक होता. बीबीसीचे एच. एल. कर्क १९३६च्या आरंभी पाहणी करून गेले आणि ऑगस्टमध्ये सी. डब्ल्यू. गॉयडर मुख्य अभियंता म्हणून रुजू झाले. मध्यम लहरी दिवसा जमिनीला धरून जातात आणि काही मैलांत विरतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हवेतल्या विजेमुळे त्यांच्यात एवढी खरखर मिसळते की शब्द कळत नाही. एवढ्या मोठ्या देशात मध्यम लहरींचं जाळं विणायचं तर कित्येक केंद्रं लागणार, आणि तितका पैसा कुणाकडेच नव्हता. गॉयडर यांनी लघुलहरींचा आधार घेतला. या लहरी वर जातात, आयनांबरावर आपटून शेकडो मैलांवर उतरतात. आवाज कधी वर तर कधी खाली होतो, पण पोचतो. १९३७च्या डिसेंबरात दिल्लीचा आणि ४ फेब्रुवारी १९३८ला मुंबईचा दहा किलोवॉटचा लघुलहरी प्रक्षेपक सुरू झाला. त्याच वर्षी मद्रास आणि कलकत्ता. तीसेक मैलांत अडकलेल्या मुंबई केंद्राला पहिल्यांदाच सह्याद्रीपलीकडचा मुलूख मोकळा झाला. लखनौ, लाहोर, तिरुचिरापल्ली, ढाका अशी केंद्रं भराभर वाढली. १९३९अखेर परवाने नव्वद हजारांपुढे गेले.

गाणं हा या सगळ्याचा प्राण होता. मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचा विभाग वॉल्टर कॉफमन सांभाळत. हे कार्ल्सबादचे ज्यू संगीतकार १९३४मध्ये हिटलरच्या सावलीतून निसटून मुंबईत आले होते. तानपुऱ्याच्या आधारावर व्हायोलिन आळवणारी आकाशवाणीची ओळखधून त्यांचीच मानली जाते. घर गमावलेल्या माणसाने बांधलेली ही धून पुढे कोट्यवधी घरांची पहाट झाली.

दिल्लीत त्याच पदावर जॉन फोल्ड्स हे इंग्रज संगीतकार होते, आणि त्यांच्याकडून मराठी मनाला झोंबणारा एक वाद सुरू झाला. १९३८मध्ये त्यांनी ‘इंडियन लिसनर’ या कार्यक्रमपत्रिकेत पेटीवर घणाघाती लेख लिहिला. पेटीचे सूर बारा आणि ते पक्के ठरलेले. मींड तिला येत नाही, श्रुती तिला दाखवता येत नाहीत, सबब ती हिंदुस्थानी गाण्याला मारक आहे, असं त्यांचं म्हणणं. फोल्ड्स १९३९मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने वारले, पण वाद राहिला. रवींद्रनाथ ठाकूर यांनी १९४०च्या जानेवारीत कलकत्ता केंद्राला पत्र पाठवून पेटीविरुद्ध कौल दिला. १ मार्च १९४०पासून ऑल इंडिया रेडिओच्या सर्व केंद्रांवर पेटी बंद झाली.

महाराष्ट्रात पेटी आणि पायपेटी म्हणजे संगीत नाटकाचा कणा. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाने भास्करबुवा बखल्यांच्या साथीला बसून या वाद्याला मैफलीत मान मिळवून दिला होता. श्रुतींच्या आक्षेपावर तर सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी फोल्ड्सच्या कितीतरी आधी विचार केला होता. बावीस श्रुतींचं गणित मांडून त्यांनी ई. क्लेमंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतिपेटी घडवून आणली होती. असं काम आपल्याकडे झालेलं असताना सरसकट बंदी घालणं अन्यायाचं होतं. गायकाला साथ कुणाची घ्यायची हे केंद्रातला अधिकारी ठरवू लागला, आणि ती बंदी तीस वर्षं टिकली. १९७०नंतर, दशकाच्या सुरुवातीला, ती मर्यादित स्वरूपात उठली.

याहून मोठा अन्याय गाणाऱ्या बायकांवर झाला. पहिल्या वीस वर्षांत रेडिओवरचं गाणं बऱ्याच अंशी कोठ्यांवर तालीम घेतलेल्या गायिकांनी तोलून धरलं होतं. प्रतिष्ठित घरांतल्या मुली मायक्रोफोनसमोर यायला कचरत तेव्हा या आल्या. १९४६मध्ये हंगामी सरकारात माहिती खातं वल्लभभाई पटेलांकडे आलं आणि ज्यांचं खासगी आयुष्य बदनाम समजलं जातं अशांना केंद्राची दारं बंद झाली. ज्यांच्या जिवावर कार्यक्रम उभे राहिले त्यांनाच असं बाहेर काढलं, याची नोंद संस्थेच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

शब्दांची बाजू बुखारी बंधूंनी सांभाळली. थोरले अहमद शाह, उर्दूतले ‘पतरस’. फील्डन १९४०मध्ये परतल्यावर संस्था त्यांच्याकडे आली. धाकटे झुल्फिकार युद्धकाळात लंडनला जाऊन बीबीसीच्या हिंदुस्थान विभागाचे प्रमुख झाले. जॉर्ज ऑरवेल तिथे त्यांच्या हाताखाली काम करत आणि ऑरवेलच्या मजकुरावरून मराठीत बातमीपत्र वाचणाऱ्या वेणू चितळे त्याच विभागात होत्या. इकडे दिल्ली केंद्रात सआदत हसन मंटो १९४१-४२मध्ये टाइपरायटरवर एकामागून एक नाटकं उतरवत होता. दीडेक वर्षात त्यांची संख्या शंभरावर गेली. कृष्ण चंदर आणि उपेंद्रनाथ अश्कही तिथेच. एका छपराखाली एवढी लेखकमंडळी पगारावर बसवणारी संस्था देशात दुसरी नव्हती.

बातम्यांच्या खोलीत मात्र सरकारचा अंमल होता. काँग्रेसचे पुढारी मायक्रोफोनपासून दूर ठेवले जात. ऑगस्ट १९४२मध्ये नेते पकडले गेले, वृत्तपत्रांवर बंधनं आली आणि रेडिओवरून चळवळीचं अवाक्षर निघेना. तेव्हा मुंबईतल्या काही तरुणांनी स्वतःचंच केंद्र काढलं. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ ऐकू आला. बोलणारी होती बावीस वर्षांची उषा मेहता. सोबत बाबूभाई खाकर, विठ्ठलदास आणि चंद्रकांत झवेरी, पाठीशी राममनोहर लोहिया. पोलिसांच्या शोधगाड्या माग काढत, म्हणून प्रक्षेपक या इमारतीतून त्या इमारतीत हलवावा लागे. सरकारी केंद्राला ही मंडळी ‘अँटी-इंडिया रेडिओ’ म्हणायची. १२ नोव्हेंबरला धाड पडली. खटल्यात बाबूभाई खाकर यांना पाच वर्षांची आणि उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. उषाबेननी ती येरवड्यात भोगली. ज्या शहरात क्लबच्या हौशी मंडळींनी १९२३मध्ये प्रक्षेपण सुरू केलं होतं, त्याच शहरात एकोणीस वर्षांनी ते करणं तुरुंगात नेणारं ठरलं.

३ जून १९४७च्या संध्याकाळी माउंटबॅटन, नेहरू, जिना आणि बलदेव सिंग यांनी दिल्ली केंद्रावरून फाळणीची योजना जाहीर केली. संस्थेचीही वाटणी झाली. नऊपैकी लाहोर, पेशावर आणि ढाका पाकिस्तानकडे गेली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, लखनौ आणि तिरुचिरापल्ली भारताकडे राहिली. दोघेही बुखारी पाकिस्तानात गेले. धाकट्यांनी तिकडची नभोवाणी उभी केली. त्या वर्षी भारतातले परवाने होते पावणेतीन लाख, आणि नभोवाणी पोचत होती लोकसंख्येच्या अकरा टक्क्यांपर्यंत.

लाहोर गेल्याने पंजाबी श्रोता उघडा पडला होता, म्हणून नोव्हेंबरातच जालंदरला घाईघाईने केंद्र उभारलं गेलं. १२ नोव्हेंबर १९४७ला गांधीजी दिल्लीच्या प्रसारण भवनात आले आणि कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांशी बोलले. स्टुडिओत ते पहिल्यांदा आणि शेवटचे आले ते त्याच दिवशी. १६ जुलै १९४८ला नागपूर केंद्र सुरू झालं. पुढे संस्थानांची केंद्रं विलीन झाली, त्यात म्हैसूर, बडोदा आणि हैदराबाद होती, आणि निजामाच्या राज्यातलं औरंगाबादही. पुण्याला केंद्र मिळालं २ ऑक्टोबर १९५३ रोजी. दीड वर्षाने, १ एप्रिल १९५५च्या रामनवमीला, तिथून ‘गीतरामायणा’चं पहिलं गीत प्रसारित झालं आणि वर्षभर, छप्पन्न गीतं पुरी होईपर्यंत, चालू राहिलं.